मर्व पेंगिलीचा दाखला

आमच्या मूंटा गावात तुमच्या हाती एखादं जुनं टपालतिकीट लागलं आणि ते खरं की खोटं या विचारानं डोकं भणभणायला लागलं, तर जायचं कुठे? मर्व पेंगिलीकडे! दुसरं घरच नाही. अख्ख्या साउथ ऑस्ट्रेलियात नाही, असं आमच्याकडचे लोक म्हणतात. अॅडलेडवाले हे ऐकून नाक मुरडतात, पण तिकीट घेऊन शेवटी येतात इथेच.

मर्व एक्याऐंशी वर्षांचा. जन्मभर शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं आणि उरलेल्या वेळात हा नाद केला, जुन्या सरकारी तिकिटांचा. म्हणजे कसं, दीडशे वर्षांपूर्वी इथल्या सरकारी खात्यांची तिकिटं ओळखू यायची. तिकीट तेच साधं, पण त्यावर खात्याचं अक्षर छापलेलं. पोलिसांचं एक, रेल्वेचं एक, पाणीखात्याचं एक. साधं तिकीट मूठमूठभर मिळतं, त्याला कोणी विचारत नाही. पण त्यावर ते लाल अक्षर असलं की मोठमोठी शहाणी माणसं लहान पोरांसारखी वागायला लागतात. मग साध्या तिकिटावर गुपचूप अक्षर उठवून देणारा कोणीतरी महाभाग निघणारच की! म्हणून दाखला लागतो. मर्वचा दाखला म्हणजे जाड पिवळसर कागद, कोपऱ्यात तिकिटाचा फोटो, अर्धा फोटोवर नि अर्धा कागदावर दाबून उठवलेला ठसा, खाली ती वाकडी सही. तो असला की पुढे कोणी चकार शब्द काढत नसे. ‘मर्वनं बघितलंय ना? मग झालं!’

आता आपली टॅम्सिन. टॅम्सिन ट्रेलोअर, चोवीस वर्षांची, वॉलरूच्या बंदरावर धान्याच्या कोठारात कामाला. ट्रक आला की लांब नळी खुपसायची, जव काढायचे, तबकात पसरायचे आणि किडा, बुरशी, फुटका दाणा शोधायचा. आणि गंमत म्हणजे हे काम तिला मर्वमुळेच जमलं! दहा वर्षांची असताना ती सायकलवरून पडली ती नेमकी त्याच्या फाटकासमोर. आयव्हीनं, म्हणजे मर्वच्या बायकोनं, गुडघा धुऊन पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली मोठी करंजी, हातात दिली, मर्वनं रडं थांबावं म्हणून भिंग हातात दिलं, आणि तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता ही बया पेंगिलींच्या स्वयंपाकघरात हजर. चौदा वर्षं! आई म्हणायची, “त्यांनाच दत्तक जा एकदाची.”

मर्वचं शिकवणंही सुताराचंच. “पोरी, फळी सरळ आहे का हे नुसतं बघून सांगायचं नसतं. शेजारी सरळ पट्टी धरायची.” तिकिटांतली त्याची ती सरळ पट्टी म्हणजे आयव्हीचं तिकीट. पाणीखात्याचा लाल डब्ल्यू असलेलं, वर गोल काळा शिक्का, कडेचा दाता न दाता शाबूत. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आयव्हीनं त्याला दिलेलं. काळ्या पुठ्ठ्यावर, वर पारदर्शक कागद, आणि ते सगळं एका बिस्किटांच्या डब्यात. लाल डब्ल्यूचं कुठलंही तिकीट आलं की मर्व हा डबा काढणार, शेजारी आयव्हीचं तिकीट धरणार, डब्ल्यूच्या मधल्या टोकापासून एकेक रेघ ताडून बघणार. जुळलं तर खरं. नाही जुळलं तर, “माफ करा हं, छाप बनावट आहे.”

त्या वर्षी काय झालं, अॅडलेडला दाखले देणारी जी समिती आहे ना, जिच्यात मर्वही तपासनीस आहे, तिच्यात एक तपासनीस कमी पडला. मर्वनं टॅम्सिनचं नाव सुचवलं. समितीचा चिटणीस डेस हॉस्किंग म्हणाला, आधी पाच तिकिटं तपासू दे, मग बघू. आणि समितीची रीत फार कडक बरं का! तिकीट येतं ते नुसत्या नंबरच्या पाकिटातून. मालक कोण, माहीत नाही. आधीचा कुणाचा दाखला आहे का, माहीत नाही. तिघा तपासनिसांनी एकामागून एक बघायचं, आपापली चिठ्ठी लिहायची, डेसला धाडायची, आणि तिन्ही चिठ्ठ्या पोचेपर्यंत एकमेकांशी त्यावर अवाक्षर बोलायचं नाही. टॅम्सिनची चार पाकिटं झकास झाली. पाचवं आलं नोव्हेंबरात, ऐन सुगीत, जेव्हा ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि माणसाला जेवायलाही फुरसत नसते.

पाकीट उघडलं तर काय, लाल डब्ल्यू!

टॅम्सिन हसलीच. अहो, या अक्षरावर तर ती वाढली होती! भिंग लावलं. मधलं टोक अगदी वरपर्यंत गेलेलं, उजव्या पायाला बारीकशी खाच, अक्षर किंचित डावीकडे कललेलं. सगळं हुबेहूब आयव्हीच्या तिकिटासारखं. तिनं चिठ्ठी ओढली आणि लिहायला घेतलं, ‘माझ्या मते हे तिकीट...’

आणि थांबली. कोठारातली सवय आडवी आली. तिथे पहिल्या नळीवर कोणी ट्रक पास करत नाही. तीन जागी नळी घालावीच लागते, मग धान्य कितीही चांगलं दिसो. तिनं अक्षर बघितलं होतं, कागद बघितला होता. अक्षर आणि शिक्का एकमेकांना जिथे छेदतात ती जागा बघायची राहिली होती.

साधी गोष्ट आहे ना? अक्षर छापखान्यात छापलेलं, म्हणजे आधीचं. शिक्का टपालात मारलेला, म्हणजे नंतरचा. तर काळी शाई लालच्या वर हवी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं तिकीट कोठारातल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, ज्यात एरवी किड्याचे पाय मोजतात. बघते तर काळी रेघ मस्त चाललीय, चाललीय, आणि तिच्या अंगावरून लाल शाई! अखंड. कडेला जराशी फुगलेली. दुसरा छेद बघितला, तिसरा बघितला. तेच. मग मर्वचं एक जुनं बोलणं आठवलं, की तेलकट काळा रंग फसवतो, खालचा लालही वर दिसतो. म्हणून स्वतःकडची चार खात्रीची, पोलिसांची लाल अक्षरवाली तिकिटं तिनं आणून बघितली. चारही ठिकाणी काळा वर, लाल खाली. फसवाफसवी काही नाही. याच्यावरचं अक्षर टपालातून आलेल्या तिकिटावर मागाहून कोणीतरी उठवलेलं.

बाहेर ट्रकवाले भोंगे वाजवतायत आणि ही आत स्टुलावरच बसलेली! कारण हे खोटं, तर याचं जुळं भावंड काय? बिस्किटांच्या डब्यातलं? तीच खाच, तोच कल, तेच मधलं टोक. दोन्ही एकाच हातातून उतरलेली असणार. आणि मग त्या सरळ पट्टीवर मर्वनं जन्मभर ताडून बघितलं ते सगळं?

तिनं चिठ्ठीवर लिहिलं, ‘तिकीट खरं, छाप बनावट.’ टपालात टाकलं. आणि त्या गुरुवारी, चौदा वर्षांत पहिल्यांदा, ती चहाला गेली नाही.

पुढच्याही गुरुवारी गेली नाही. बोलायची बंदी, आणि तोंड बघितलं की मर्वला कळणार. आयव्हीचा फोन आला.

“काय गं, मुलगा कोण आहे?”

“कुठला मुलगा?”

“दोन गुरुवार पेस्टी सोडून पोरगी येत नाही म्हणजे मुलगाच असणार. आण की त्याला. पेस्टीत गाजर घालून ती बिघडवणारा नसला म्हणजे झालं.”

“आयव्ही, सुगी चाललीय हो!”

“सुगी दरवर्षीच असते, लाडके,” आयव्ही म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी डेसचा फोन. तिन्ही चिठ्ठ्या आल्या होत्या. एकाचं म्हणणं ‘मत देऊ शकत नाही’. टॅम्सिनचं ‘बनावट’. आणि मर्वचं ‘निःसंशय खरं’.

“आणि ऐक,” डेस आवाज खाली आणून म्हणाला, जसं काही कोणी चोरून ऐकतंय. “मालकानं जुना दाखला जोडलाय. मर्वचाच आहे. एकोणीसशे एक्क्याण्णवचा. विकायला काढलंय तर घेणारा म्हणतो, तीस वर्षांचा दाखला नको, ताजा आणा. हल्ली असंच झालंय, जुन्या कागदावर कोणी विसंबत नाही. पण मर्वचा म्हणजे... पोरी, तू मर्वच्या दाखल्याविरुद्ध लिहिलंयस.”

“मला ठाऊक नव्हतं!”

“ठाऊक असतं तर लिहिलं नसतंस?”

टॅम्सिन म्हणाली, “लिहिलं असतं. पण आधी रडले असते.”

डेस जरा खाकरला. रीत अशी, की मतं फुटली तर दोन्ही तपासनिसांनी तिकीट समोर ठेवून, तोंडातोंडी बोलून उलगडा करायचा. “तुम्ही तर एकाच गावात. गुरुवारपर्यंत तिकीट मर्वकडे पोचवतो. मर्वला कळवलंय. आणि टॅम्सिन, तो भडकला तर मनावर घेऊ नकोस. एखादा तिकीटवाला भडकत नसेल तर तो मेलेला असतो.”

गुरुवारी चार वाजता टॅम्सिन आली ती सूक्ष्मदर्शक घेऊन. साहेबाकडून मागून आणलेला, गाडीत शेजारच्या सीटवर बसवून, पट्टा लावून! मर्व दारातच उभा.

“या, या, बाईसाहेब! माझ्या दाखल्याला खोटं म्हणणाऱ्या! हे काय आणलंयस, तोफ?”

“सूक्ष्मदर्शक आहे, मर्व.”

“माझं भिंग मला पन्नास वर्षं पुरलं.”

“तिला आत तर येऊ दे,” आयव्ही ओरडली. “ओझं घेऊन उभी आहे पोरगी.”

स्वयंपाकघरात पेस्ट्यांचा वास, पंखा गरगरतोय, माशा जाळीवर डोकं आपटतायत. मर्वनं टेबल पुसलं, हात धुतले, पुन्हा पुसले, चिमटा घेतला. चिडलेला नव्हता हं. उलट मजेत होता. त्याला वाटत होतं, पोरीची पहिली चूक झाली, आता प्रेमानं समजवायची. आणि टॅम्सिनला तेच बघवेना.

“हे बघ,” तो म्हणाला, “तू घाबरलीस. नवखा माणूस घाबरला की सगळ्याला खोटं म्हणतो. त्यात धोका नसतो ना! पण खऱ्याला खोटं म्हणणं हे खोट्याला खरं म्हणण्याइतकंच पाप आहे. कोणाच्या तरी घरातलं खरं तिकीट आपण मारून टाकतो. आता ही सरळ पट्टी धरू.” आणि बिस्किटांच्या डब्यातून आयव्हीचं तिकीट काढून त्यानं शेजारी ठेवलं. “मधलं टोक बघ. खाच बघ. कल बघ. जुळी भावंडं आहेत!”

“तेच तर,” टॅम्सिन म्हणाली.

“काय तेच तर?”

“जुळी आहेत. मान्य. या दोघांवरचं अक्षर एकाच ठशाचं आहे.”

“मग?”

टॅम्सिन आयव्हीच्या तिकिटाकडे बघत राहिली, आणि मर्व तिच्याकडे, अगदी निरागस, सगळं आपलंच खरं ठरलंय असा. कळलं ते आयव्हीला. ती भट्टीजवळ होती, हातात फडकं. वळली आणि म्हणाली, “म्हणजे माझं तिकीट खोटं आहे, असं म्हणतेय ती, म्हाताऱ्या.”

मर्वनं चिमटा खाली ठेवला. अगदी सरळ, टेबलाच्या कडेला समांतर. “नाही,” तो म्हणाला. “आज नको हे. कोंबड्यांना दाणा टाकायचाय.” आणि मागच्या दारानं निघून गेला. कोंबड्यांना दाणा सकाळीच टाकून झाला होता.

टॅम्सिनचे डोळे भरले. “मी नको होतं यायला.”

“बस खाली,” आयव्ही म्हणाली आणि स्वतःही बसली. “मी सांगते ते कसं घेतलं. अॅडलेडला एका गल्लीत दुकान होतं. मला तिकिटातलं काय कळतंय? तीन दुकानं फिरले, सगळीकडे मला वेड्यात काढलं, म्हणाले बाई, नवऱ्याला पाठवा. हा चौथा. त्यानं खुर्ची दिली, चहा केला, बिस्किट दिलं, आणि माझ्या हातमोज्यांचं कौतुक केलं. मला वाटलं, इतका चांगला माणूस खोटं कशाला विकेल?” ती जराशी थांबली. मग हसायला लागली, आणि हसता हसता फडक्यानं डोळे पुसले. “हातमोजे तर माझ्या बहिणीचे होते गं. म्हणजे मीही त्याला फसवलंच की! ते यंत्र लाव. बघ माझं तिकीट.”

“मर्वशिवाय नाही.”

“अगं, दिलं मी आहे. तो बाहेर आहे तोवर माझंच.”

“आयव्ही, नाही. त्यांच्या पाठीमागे मी ते तिकीट बघणार नाही. त्यांनी म्हटलं नको, तर नको. मी डेसला सांगेन उलगडा झाला नाही म्हणून.”

जाळीचं दार वाजलं. मर्व उभा होता, हाताला कोंबड्यांच्या खाद्याचा भुसा. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्यानं पुन्हा हात धुतले. सावकाश, एकेक बोट. मग स्टूल ओढलं आणि म्हणाला, “दाखव कुठून बघतात यात.”

टॅम्सिननं आधी पोलिसांचं तिकीट लावून दिलं. मग पाकिटातलं. मग त्यानं स्वतःच्या हातानं आयव्हीचं तिकीट काचेखाली सरकवलं आणि टोपी काढून डोळा लावला. बघतच राहिला. पेस्ट्या गार झाल्या. एकदा त्यानं पोलिसांचं परत लावलं, परत आयव्हीचं लावलं. टॅम्सिन नखं खात होती.

“शिक्का खाली आहे,” मर्व शेवटी म्हणाला.

“शाळेत पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो,” तो म्हणाला, डोळा अजून भिंगावरच. “पट्टीवर भरवसा ठेवण्याआधी पट्टी तपासा. उलटी करून पुन्हा रेघ मारा, दोन्ही रेघा जुळल्या तर पट्टी सरळ. पहिल्या दिवशी! आणि हिला मी एकदाही उलटी केली नाही. आयव्हीनं दिलेली म्हणून.”

“माझ्यावर नको ढकलू हं,” आयव्ही म्हणाली.

“तुझ्यावर नाही गं बये. मला तपासायचीच नव्हती.”

मग तो उठला आणि कपाटातून दाखल्यांच्या नकलांची जाडजूड फाइल काढली. लाल डब्ल्यूला त्यानं आजवर दिलेले खरेपणाचे दाखले, सात. पण टॅम्सिनला धडकी भरली ती पुढच्या पानांनी. नाकारलेली तिकिटं, अकरा. अकरा लोकांना त्यानं सांगितलं होतं, माफ करा, बनावट आहे, कारण आयव्हीच्या तिकिटाशी जुळत नाही. अहो, खोट्याशी जुळत नाही म्हणून!

एका नकलेला टाचणीनं छोटं पाकीट टोचलेलं होतं. मर्वनं ते बघितलं आणि खाली बसला.

“क्लॅरी नँकिव्हेल,” तो म्हणाला.

क्लॅरी म्हणजे शेजारच्या काडीना गावचा मेंढ्या कातरणारा. एके काळी मर्वचा जीवलग. मासे पकडायला दोघं, तिकिटांच्या क्लबात दोघं, भांडायलाही दोघं. एका जुन्या घराच्या भिंतीतून निघालेल्या कागदांत त्याला लाल डब्ल्यू सापडला, कोपरा फाटलेला, कुरूप. नाचत आला होता मर्वकडे. मर्वनं डबा काढला, पट्टी धरली, आणि अख्ख्या क्लबासमोर सांगितलं, बनावट. क्लॅरी म्हणाला, मग ठेव तुझ्याकडेच, मला कशाला कचरा. उठला आणि गेला. त्याला बावीस वर्षं झाली. क्लबात परत आला नाही, मासे पकडायला आला नाही, रस्त्यात दिसला तर टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा.

मर्वनं पाकिटातलं ते फाटकं तिकीट काचेखाली धरलं आणि स्टुलावरून उठून टॅम्सिनला जागा दिली. “तू सांग. माझ्या डोळ्यात पाणी येतंय. या दिव्यानं.”

टॅम्सिननं बघितलं. बुटका, जाडा डब्ल्यू, मधलं टोक अर्ध्यातच थांबलेलं. आणि त्याच्यावरून, सगळीकडून, काळा शिक्का. वर. स्वच्छ वर.

पण ती हुरळली नाही, शाबास तिची! तीन जागी नळी. तिनं डेसला सांगून सरकारी दप्तरखान्यातून पाणीखात्याचं एक पत्र शोधवलं, ज्यावर तिकीट चिकटल्यापासून कोणी हलवलेलंच नाही. आठवड्याभरात फोटो आला. बुटका, जाडा, मधलं टोक अर्ध्यात. क्लॅरीचं तिकीट शंभर टक्के खरं.

मग मर्वनं डेसला फोन लावला. आयव्ही आणि टॅम्सिन दोघी कान लावून बसलेल्या.

“सातही दाखले रद्द कर,” मर्व म्हणाला. “आणि अकरा नकारही. क्लबाच्या पत्रकात छाप. माझं नाव घालून.”

पलीकडून डेस इतका ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. “अरे, वेड लागलंय का तुला? हे छापलं तर तुझे बाकीचे नऊशे दाखले? लोक म्हणतील तेही असलेच! गुपचूप पत्रं पाठवू की त्या अठरा जणांना!”

“म्हणू दे. तपासून घेऊ देत परत. तुझ्याकडे आता तपासणारी आहे ना?”

“मर्व, चाळीस वर्षांचं नाव आहे तुझं.”

“म्हणूनच माझं नाव घालून छाप म्हणतोय. दुसऱ्या कोणाचं घालून छापणार आहेस?” आणि फोन ठेवून तो आयव्हीकडे वळला. “नाक कापलं गेलं.”

“मोठंच होतं,” आयव्ही म्हणाली. “आता माझ्या तिकिटाचा दाखला लिही.”

“कसला?”

“खोटेपणाचा. रीतसर. ठशासकट. सत्तेचाळीस वर्षं त्या डब्यात बसलंय बिचारं, त्याला काहीतरी कागद नको का? आणि भिंतीवर लावायचाय मला.”

मर्वनं खरंच लिहिला हो! जाड पिवळसर कागद, फोटो, ठसा. ‘तिकीट खरं, छाप बनावट, देणारी अस्सल.’ टॅम्सिन म्हणाली असं लिहिता येत नाही, तपासनिसानं फक्त तिकिटाबद्दल मत द्यायचं. मर्व म्हणाला, “गप गं, मला तेवढं एकच खात्रीनं ठाऊक आहे.”

क्लॅरीच्या तिकिटाचा दाखला मात्र समितीचा, अगदी नियमानं, त्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. तो घेऊन शनिवारी सकाळी दोघं काडीनाला निघाले. टॅम्सिन गाडी चालवत होती. मर्वनं कोट घातला होता, असल्या उकाड्यात! मांडीवर फाटक्या तिकिटाचं पाकीट, दाखला, आणि आयव्हीनं बांधून दिलेल्या चार पेस्ट्या. वाटेत तो तीनदा म्हणाला, “आज तो घरी नसेल,” आणि एकदा म्हणाला, “फोन करून यायला हवं होतं.” फोन केला असता तर क्लॅरीनं दार उघडलंच नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

क्लॅरी घरी होता. ओसरीत बसून कातरीला धार लावत होता. वाळलेला, लांबच्या लांब, गुडघे खुर्चीच्या बाहेर. मर्वला बघून त्यानं टोपीला हात लावला आणि परत कातरी घासायला लागला.

“क्लॅरी,” मर्व पायरीखालूनच म्हणाला. “तुझं तिकीट खरं होतं.”

कातरी थांबली.

“मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो, म्हणून सगळ्यांसमोर छापायला दिलंय. पुढच्या महिन्यात येईल. पण त्याआधी मला स्वतः सांगायचं होतं.” त्यानं पाकीट पुढे केलं, आणि त्यावर तो कागद. “हे तिकीट. आणि हा दाखला.”

क्लॅरीनं दोन्हीकडे बघितलं. हात पुढे केला नाही. कुंपणावरचा एक मॅगपाय पक्षी ओरडून उडून गेला, मर्वच्या कपाळावरून घाम कोटावर टपकला, आणि टॅम्सिनला वाटलं, आता हा उठून दार लावून घेणार.

“दाखला,” क्लॅरी म्हणाला. “तुझा?”

“हो.”

“तुझ्या दाखल्यावर कोण विश्वास ठेवणार, मर्व पेंगिली?”

“कोणी ठेवू नये,” मर्व म्हणाला. “म्हणून खाली दुसरी सही हिची आहे. चूक हिनं शोधली. माझ्याविरुद्ध लिहून दिलं हिनं.”

क्लॅरीनं पहिल्यांदाच टॅम्सिनकडे नीट बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत, मेंढी जोखावी तसं. “याच्याविरुद्ध? तोंडावर?”

“आधी चिठ्ठीत,” टॅम्सिन म्हणाली. “मग तोंडावर.”

“ओरडला?”

“कोंबड्यांकडे निघून गेले.”

क्लॅरीच्या घशातून काहीतरी निघालं, खोकला की हसू ते कळेना. त्यानं कातरी खाली ठेवली, चड्डीला हात पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले, आणि कागद घेतला. हात लांब करून वाचायला लागला, मग आणखी लांब केला.

“चष्मा आत आहे,” तो म्हणाला आणि उठला. दारापर्यंत गेला. वळला. “त्या पिशवीत आयव्हीच्या पेस्ट्या आहेत का?”

“चार,” मर्व म्हणाला.

“मग तिथे उन्हात काय उभा राहिलायस? आणि तो कोट काढ. कोणी मेलंय का?”